फॉरवर्डमधला पंप आणि आपल्या सोसायटीतला पंप

जून लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'पाणी उपसायचा पंप सुरू होत नाही? मेकॅनिकला एक रुपया देऊ नका!' असं ठळक अक्षरांत वर आणि खाली हिरव्या टिका मारलेले उपाय. सार असं: सगळा दोष इथेनॉलवाल्या नव्या पेट्रोलचा आहे. हंगाम संपला की टाकी काठोकाठ भरून ठेवा. इंजिन सुरू झालं नाही तर स्पार्क प्लगच्या भोकात पेट्रोल ओता. एअर फिल्टरची गरज नसते, काढून टाका. ऑइल ५डब्ल्यू-३०च हवं. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडू नका, एकदा उघडला की गेला, सरळ नवा बसवा. मशीन आधी आतच गरम होऊ द्या, मग बाहेर काढा. आणि सर्वांत शेवटी, 'शिअर पिन तुटली आहे का ते तपासा.'

ही शिअर पिन शोधायला आमच्या सेक्रेटरींनी मीटर रूममध्ये टॉर्च घेऊन अर्धी दुपार घालवली. ती सापडणार नव्हतीच, कारण नौपाड्यात चिखलवाडीच्या आसपास पाणी साचलं की आपण पेट्रोलवर चालणारा जो दोन इंची पंप बाहेर काढतो, त्याला अशी पिन नसते. ती असते बर्फ उडवणाऱ्या यंत्राला, स्नोब्लोअरला. त्यात बर्फ ओढून घेणारा मोठा स्क्रू दांड्याला एका मऊ पिनेने जोडलेला असतो. मध्ये दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्राचं भेंडोळं आलं तर पिन तुटते आणि आतला गिअरबॉक्स वाचतो. पिनेचं काम तुटण्याचंच.

म्हणजे कोणीतरी कॅनडा-अमेरिकेकडचा स्नोब्लोअरचा मजकूर उचलला, बर्फाच्या जागी पाऊस घातला आणि पुढे ढकलला. एकदा हे लक्षात आलं की बाकीच्या उपायांचा उलगडा आपोआप होतो. इंजिन जवळजवळ तेच, दीडशे-पावणेदोनशे सीसीचं फोर-स्ट्रोक, दोरी खेचून सुरू होणारं. दुखणंही तेच, कारण दोन्ही यंत्रं वर्षातले बरेच महिने कोपऱ्यात पडून असतात. पण हवा वेगळी, जागा वेगळी. त्यामुळे तिथे जे बरोबर असतं ते इथे अंगाशी येऊ शकतं.

उदाहरणार्थ, एअर फिल्टर. स्नोब्लोअरच्या बऱ्याच इंजिनांना फिल्टर मुळातच नसतो. बर्फात धूळ नसते आणि फिल्टर बसवला तर तो ओलसर होऊन गोठतो. आता हा सल्ला घोडबंदर रोडवर आणा, जिथे मेट्रोचं काम आणि टॉवरांची बांधकामं यांची धूळ खिडकीच्या जाळीवर बोटभर बसते. फिल्टर काढला की ती धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकते. फिल्टर चोंदला असेल तर आतला स्पंज कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा आणि परत बसवा. फिल्टर काढल्यावर इंजिन लगेच सुरू होतं का, हे मिनिटभर बघायला हरकत नाही. त्यातून दोष कुठे आहे ते कळतं. पण तसंच चालवत ठेवायचं नाही.

ऑइलचा मुद्दा निरुपद्रवी आहे. ५डब्ल्यू हे कडाक्याच्या थंडीत इंजिन सहज फिरावं म्हणून. ठाण्यात तशी थंडी पडत नाही. आपल्याकडे अशा इंजिनाला साधारणपणे १०डब्ल्यू-३० घालतात, पंपासोबतच्या पुस्तिकेत असेल ते घ्या. मात्र फॉरवर्डने ऑइलच्या ग्रेडवर दोन ओळी खर्च केल्या आणि पातळीबद्दल चकार शब्द काढला नाही. अनेक इंजिनांना ऑइल कमी झालं की स्पार्कच बंद करणारा सेन्सर असतो. माणसं दोरी खेचून खेचून खांदा दुखवून घेतात, प्लग बदलतात, आणि कमी असतं ते ऑइल. पंप तिरक्या जागेवर ठेवला तरी असंच होऊ शकतं. म्हणून कशालाही हात लावण्याआधी पंप सपाट ठेवून ऑइलची काडी बघा.

आता इथेनॉल. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. देशभर १० टक्के मिश्रण २०२२च्या जूनमध्ये झालं, ई२०ची, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलची, विक्री २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि २०२५पर्यंत २० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं गेलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. जुन्या पंपांतले काही रबरी भाग त्याने फुगतात किंवा चिरतात. शिवाय त्यात स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, ठरावीक मापाचा असेल तर मिश्रण किंचित पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. पंप जुना असेल तर ई२० चालतं का, हे पुस्तिकेत बघून घ्यावंच. पण ज्यांनी लुना किंवा चेतक वापरली आहे त्यांनी आठवून पाहावं. मे महिनाभर गावाला जाऊन आल्यावर गाडी किकला दाद देत होती का? तेव्हा इथेनॉलचं नावही नव्हतं. पेट्रोल पडून राहिलं की त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. टाकीत याला महिने लागतात, पण कार्बोरेटरच्या वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल असतं, तिथे काही आठवड्यांत काम तमाम. आपला पंप ऑक्टोबरात आत जातो आणि जूनमध्ये बाहेर येतो.

म्हणूनच टाकी काठोकाठ भरून ठेवायचा सल्ला आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान करतो. तिकडे टाकी भरतात ती पेट्रोल टिकवणारं औषध मिसळून, वर रिकामी जागा राहून आत ओल धरू नये म्हणून. फॉरवर्डमधून औषध गळालं आणि काठोकाठ तेवढं उरलं. शिवाय तिकडे ते मशीन घरापासून वेगळ्या शेडमध्ये असतं. इथे ते असतं मीटर रूममध्ये, नाहीतर जिन्याखाली. जिथे शंभर फ्लॅटांचे मीटर आहेत तिथे आठ महिने भरलेली पेट्रोलची टाकी ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. टाकी रिकामी करा. मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढा. प्लग काढून त्या भोकात चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल घाला, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग परत लावा. शेवटी दोरीला जोर लागेपर्यंत ओढून तिथेच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत शिरत नाही.

प्लगच्या भोकात पेट्रोल ओतायची कल्पना बहुधा या ऑइलवरूनच आली असावी. मेकॅनिक मंडळी कधीकधी दोन-चार थेंब पेट्रोल टाकून बघतात, हे खरं. इंजिन क्षणभर फुरफुरलं तर स्पार्क ठीक आहे आणि पेट्रोलच पोचत नाही, एवढं त्यातून कळतं. पण ओतलं तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं, आणि पिस्टनवर द्रव साचला तर दोरी उलटा हिसका देते. त्यात कोणी लगेच स्पार्क बघायला प्लग बाजूला बॉडीला टेकवून दोरी ओढली, तर भोकातून उडणारी पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकाच जागी. आग लागायला आणखी काय हवं? स्पार्क बघायचा तर पेट्रोल टाकण्याआधी बघा. प्लगचं टोक काळं-ओलं असेल तर पुसा आणि गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास आहे का ते तपासा.

आता कार्बोरेटर. 'उघडू नका' हा सल्ला भीतीपोटी दिलेला आहे आणि तो सोसायटीला नाहक नव्या कार्बोरेटरच्या खर्चात पाडतो. रोग ओळखायची खूण सोपी आहे. चोक ओढला की इंजिन चालतं, चोक सोडला की घरघर करून बंद पडतं. याचा अर्थ पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे जेट चोंदलाय. कॉक बंद करा, खाली एखादी थाळी धरा आणि वाटीच्या तळाचा बोल्ट खोला, बहुतेक पंपांना दहाचा पाना लागतो. वाटी खाली आली की खरा प्रकार दिसतो. तळाला हिरवट-पांढरा थर आणि पेट्रोलचा नव्हे, जुन्या व्हार्निशचा वास. मधल्या खांबात पितळेचा छोटा जेट असतो, तो चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच काढा आणि उजेडासमोर धरा. मध्ये टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक स्वच्छ दिसायला हवं. दिसत नसेल तर कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडं मुरू द्या, आणि वायरमधली तांब्याची एकच बारीक तार त्यातून फिरवा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. घरात रॉकेलच्या स्टोव्हची जुनी पिन अजून असेल तर ती या कामाला घेऊ नका, हात तिच्याकडे जाणारच तरीही. पोलाद पितळेला खरवडतं, भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायमचं काळा धूर सोडतं. वाटीच्या भोवतीची रबरी रिंग क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगून ती खाचेत बसत नाही. वाटीतला तरंगता फ्लोट काढलात तर त्याची बारीक पिन आणि सुई थाळीतच ठेवा, मीटर रूमच्या फरशीवर पडलेली सुई सहसा परत मिळत नाही.

कार्बोरेटर साफ करून इंजिन सुरू झालं, तरी पंप पाणी ओढत नाही अशी तक्रार येते. हे फॉरवर्डमध्ये नाही, कारण स्नोब्लोअर पाणी ओढत नाही. सुरू करण्याआधी पंपाच्या डोक्यावरच्या बुचातून त्याच्या पोटात पाणी भरावं लागतं. कोरडा चालवला तर पाणी अडवणारं आतलं मेकॅनिकल सील काही मिनिटांत जळतं आणि इंजिनाच्या बाजूने पाणी गळायला लागतं.

आणि 'आधी आत गरम होऊ द्या'. या एका ओळीसाठी तो मेसेज ग्रुपवरून काढून टाकायला हवा. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. तीन बाजूंनी भिंती असलेलं स्टिल्ट पार्किंग किंवा तळघर म्हणजे त्याच्यासाठी बंद खोलीच. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर माणसाला वाटतं पेट्रोलच्या वासाने झालं. पंप रस्त्याच्या बाजूला, मोकळ्यावर ठेवा आणि पाइप आत सोडा. असे पंप साधारण सहा-सात मीटर खोलीपर्यंतचं पाणी ओढतात, एका तळघराला ते पुरतं. तळघर त्याहून खोल असेल तर पाण्यात बुडवून चालवायचा सबमर्सिबल पंप लागेल, आणि तिथे उतरण्याआधी मेन स्विच बंद.

मेकॅनिकला पैसे द्यायचे ते कधी? नवा प्लग लावूनही ठिणगी पडत नाही, दोरी ओढताना अजिबात जोर लागत नाही, किंवा सील गळतंय, तेव्हा. पहिल्यात बहुधा ठिणगी पुरवणारी कॉइल गेलेली असते, दुसऱ्यात व्हॉल्व्ह किंवा रिंगा, आणि तिसऱ्यात पंपाची बाजू खोलावी लागते. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये पंप नेताना साफ केलेला कार्बोरेटर लावूनच न्या आणि तसं सांगा, म्हणजे त्याच्या सफाईचे पैसे बिलात चढणार नाहीत.