अंतर तारेचं, रस्त्याचं नव्हे
फायबर केबलच्या जाळ्यातला बिघाड आता यंत्रणाच शोधते, त्यामुळे फिल्डवरची माणसं कमी लागतील, असं एका लेखात म्हटलंय. मी पाटण-कोयना भागात फायबर जोडायचं काम करतो. ओटीडीआर हे तपासणीचं मशीन फायबरच्या तारेत प्रकाश सोडतं आणि तो परतायला लागलेल्या वेळेवरून तुटलेली जागा सांगतं. 1 मायक्रोसेकंद म्हणजे साधारण 100 मीटर. पण हे अंतर तारेचं, रस्त्याचं नाही! जमिनीखालच्या चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेली जादा केबल त्यातून वजा करावी लागते. गेल्या पावसाळ्यात मशीननं 8.4 किलोमीटर दाखवलं, तुटली होती बरीच अलीकडं, ओढ्याजवळ जेसीबीनं साइडपट्टी उकरली तिथं. भर पावसात डोक्यावर ताडपत्री धरून 24 फायबर जोडले. यंत्रणेचा अलार्म लगेच आला होता, त्याचा उपयोग झालाच. पण खोदण्याआधी कुणी आम्हाला एक फोन केला असता तर गावांची रेंज गेलीच नसती.