९७ गुण मिळवणारा संघ ढेपाळला म्हणे!

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगच्या २०१८-१९ च्या हंगामाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "लिव्हरपूलने हातातली लीग घालवली." मला हे मुळीच पटत नाही.

३८ सामने, ३० विजय, ७ बरोबरी, हार फक्त एक. प्रीमियर लीगच्या त्याआधीच्या जवळपास कुठल्याही हंगामात ९७ गुणांवर चषक घरी आला असता. अपवाद एकच, आदल्या वर्षी १०० गुण मिळवणारी मँचेस्टर सिटी. तिसऱ्या नंबरची चेल्सी तर पार ७२ वर होती.

आणि ती एकमेव हार तरी कशी? ३ जानेवारी, सिटीचं मैदान एतिहाद, स्कोअर ०-०. लिव्हरपूलच्या सादिओ मानेचा फटका गोलपोस्टला लागला. सिटीचा बचावपटू स्टोन्सने घाईघाईत बॉल मारला, तो त्यांच्याच गोलकीपर एडरसनला आपटून उलटा गोलकडे निघाला आणि स्टोन्सनेच धावत जाऊन तो रेषेवरून काढला. गोल व्हायला ११.७ मिलिमीटर कमी पडले. सिटी २-१ ने जिंकली.

पुढे लेस्टर, वेस्ट हॅम, मँचेस्टर युनायटेड, एव्हर्टन यांच्याशी बरोबरी झाली, ती आजही बोचते. पण त्यानंतर कोच क्लॉपच्या पोरांनी उरलेले नऊच्या नऊ सामने मारले! अजून काय करायचं होतं त्यांनी?

सिटी थांबलीच नाही, खरी गोष्ट ही आहे. २९ जानेवारीला न्यूकॅसलकडून हरल्यावर त्यांनी सलग १४ सामने जिंकले. त्यातला ६ मेचा लेस्टरविरुद्धचा सामना मी विसरणं शक्य नाही. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, सत्तराव्या मिनिटापर्यंत गोल नाही, लेस्टरच्या डगआउटमध्ये लिव्हरपूलचाच जुना कोच रॉजर्स. बॉल सिटीचा कर्णधार व्हिन्सेंट कंपनीकडे आला. तो बचावपटू, लांबून गोल मारणं हे त्याचं कामच नव्हे. पुढे मोकळी जागा दिसली, तो दोन पावलं सरकला आणि असा काही हाणला की बॉल थेट वरच्या कोपऱ्यात. सिटी १-० ने जिंकली. मी लिव्हरपूलचा कट्टर चाहता, तरी त्या फटक्याला मनापासून सलाम.

शेवटच्या दिवशी ब्रायटनने सिटीवर पहिला गोल केला, तो सिटीच्या अग्वेरोने ८३ सेकंदांत फेडला आणि सामना ४-१ ने संपला. तिकडे घरच्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूलनेही वुल्व्ह्जला २-० ने हरवलं होतं. सिटी ९८, लिव्हरपूल ९७. अशा सिटीच्या एका गुणाने मागे राहिलेल्या संघाला कुणी ढेपाळलेला म्हणालं, तर मी वाद घालणारच.