दोन डबे लावले की ई-वन चालू? कसली चालू!

लोअर परळच्या ऑफिसांत फिरणारा एक फॉरवर्ड भाच्याच्या ग्रुपवरून थेट त्याच्या साहेबाच्या टेबलावर पोचलाय. म्हणे, ईपीएबीएक्सची (ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजची) ई-वन, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन, ब्रॉडबँडवर न्यायला दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर (सिग्नलची पॅकेटं करणारा डबा) लावा, 2 एमबीपीएस पुरे, क्लॉक, म्हणजे बिट्सचा ठेका, दोन्हीकडे ‘इंटर्नल’ (डब्याचा स्वतःचा) ठेवा आणि बफर, म्हणजे आलेली पॅकेटं क्षणभर साठवायची जागा, जास्तीत जास्त करा.

आधी क्लॉक, कारण खरी माती तिथेच होते. ई-वनला 50 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 50, इकडेतिकडे चालतं. दोन डबे आपापल्या मनाने धावले आणि त्यांच्यात 50 पीपीएमचा फरक पडला, तर निम्मा भरलेला 5 मिलिसेकंदांचा बफर बरोबर 50 सेकंदांत रिकामा होतो किंवा उतू जातो. डबा तो पुन्हा मध्यावर आणतो, पण तेवढा तुकडा गेलाच. बोलण्यात टिक्, फॅक्सचं पान अर्धवट, आणि पुन्हा 50 सेकंदांनी तेच. दिवे मात्र हिरवेगार! सिग्नल येतोच आहे, मग अलार्म कशाला वाजेल? बघायचा तो अंडररन-ओव्हररनचा, म्हणजे बफर किती वेळा रिकामा झाला किंवा उतू गेला त्याचा, काउंटर.

बफर 100 मिलिसेकंदांचा केला की हाच गोंधळ साधारण 17 मिनिटांनी होतो. पाच मिनिटं हिरवा दिवा बघून चहाला गेलेल्याला तो कसा दिसणार? वर एका बाजूने 50 मिलिसेकंदांचा उशीर, म्हणजे एकोला आमंत्रण.

मग करायचं काय? टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजकडच्या डब्याने क्लॉक लाइनवरून घ्यायचं, ऑफिसकडच्याने ‘अडॅप्टिव्ह’ म्हणजे येणाऱ्या पॅकेटांवरून, आणि ईपीएबीएक्सने त्या डब्याकडून. मालक एकच.

2 एमबीपीएसचं गणितही चुकलंय. आरएफसी 4553 या इंटरनेटच्या मानकात ई-वनचं पॅकेट 256 बाइट्सचं आहे, म्हणजे सेकंदाला 1000 पॅकेटं. पॅकेटाला वाट दाखवणारी एमपीएलएसची दोन लेबलं, पॅकेटांचा क्रम सांगणारा कंट्रोल वर्ड, इथरनेटचे हेडर आणि मधली मोकळी जागा धरून प्रत्येकावर 50 बाइट्स चढतात: 2.448 एमबीपीएस, तेही दोन्ही दिशांना. उशीर वाचवायला पॅकेट 32 बाइट्सचं केलंत, तर 5.376, कारण इथरनेटची फ्रेम 64 बाइट्सपेक्षा लहान चालत नाही, म्हणून आणखी 2 बाइट्सची भर पडते.

तांब्याची जोडी पावसाळ्यात भिजून रडते, हे खरं. तेवढं फॉरवर्डवाल्याला देऊन टाकू. पण त्यावर उपाय हमीच्या बँडविड्थची फायबर लिंक. साध्या ब्रॉडबँडवर डाउनलोडच्या गर्दीत पॅकेटं मागेपुढे होतात, आणि अडॅप्टिव्ह क्लॉक त्यांच्याच ठेक्यावर चालतं.

काउंटर 24 तास शून्यावर राहिला, तरच जुनी लाइन सरेंडर करा.