आज तारीख किती?

काल जिन्यात शेजारचे काका भेटले. थांबले, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "आज गुरुवारच ना रे?" उत्तर न घेताच वर निघून गेले. हा टोमणा होता आणि तो मला बरोबर जिथे लागायचा तिथेच लागला.

झालं असं, की आम्ही आठ दिवस घराबाहेर होतो आणि जाताना मी भिंतीवरची सगळी बटणं बंद करून गेलो होतो. परत आल्यावर संगणक लावला. काळ्या पडद्यावर कसलीशी ओळ चमकून गेली, ती मी वाचली नाही. (अशा ओळी कोण वाचतं?) मग विंडोजचं अपडेट सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला ते कोसळलं. खाली 'पुन्हा प्रयत्न करा' असं बटण होतं. ते मी अकरा वेळा दाबलं. ब्राउझर उघडला तर तोही प्रत्येक पानाला 'ही जोडणी सुरक्षित नाही' म्हणून हात वर करत होता. मी राउटर बंद करून चालू केला. का, ते विचारू नका. आपण सगळेच करतो.

अशा मुहूर्तावर काका पेन ड्राइव्ह घेऊन आले. एका कोऱ्या अर्जाची प्रिंट हवी होती. ती निघाली. मग, "इथेच बसून भरतो, काही अडलं तर तू आहेसच," म्हणत त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

"हे काय आलंय?"

"एरर."

"कसली?"

"तेच तर सांगत नाही ना काका."

"लिहिलंय की ढळढळीत. शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, सात, दोन, एफ, आठ, एफ." पळून गेलेल्या गाडीचा नंबर पोलिसांना सांगावा तसं त्यांनी ते वाचलं. "म्हणजे काय?"

"ते मोबाइलवर शोधायला लागेल."

"म्हणजे डॉक्टरनं रोगाचं नाव सांगायचं नाही, नुसता केस पेपरचा नंबर हातात द्यायचा?"

हे मला पटलं, पण त्या क्षणी पटवून घ्यायची माझी तयारी नव्हती. मोबाइलवर सापडलेला पहिला उपाय म्हणून मी काळ्या खिडकीत 'एसएफसी', मग जागा सोडून तिरकी रेघ आणि 'स्कॅननाऊ' असं टाइप केलं. प्रणालीच्या फायली धड आहेत का, ते ही आज्ञा तपासते. टक्के सरकू लागले. इकडे काका मोठ्यानं अर्ज भरत होते.

"पूर्ण नाव. आडनाव आधी. बरं. किती झाले?"

"बेचाळीस टक्के."

"मघाशीही बेचाळीसच होते. व्यवसाय... सेवानिवृत्त, इथे खूण. आता?"

"बेचाळीस."

"अडकलंय ते."

"अडकलेलं नाही!"

१९८५ साली ब्रॅड मायर्स या संशोधकानं अशा 'किती काम झालं' दाखवणाऱ्या पट्ट्या लोकांसमोर ठेवून पाहिल्या होत्या. वाट बघताना लोकांना पट्टी असलेलीच बरी वाटली. त्या लोकांच्या शेजारी काका बसलेले नव्हते.

"आज तारीख किती रे?"

"ती काय, कोपऱ्यात आहे. बघा ना!" मी खेकसलो. हो, खेकसलोच.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं. "एक?"

"जी असेल ती लिहा."

त्यांनी लिहिली. तपासणी शंभर टक्क्यांवर पोचली आणि निकाल आला: कोणताही दोष आढळला नाही. मी डोकं धरून बसलो. काका मात्र सही करण्याआधी सगळं पुन्हा वाचणाऱ्यांपैकी. वाचता वाचता ते थबकले.

"दिनांक १ जानेवारी २०१७?"

मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे, वर मी सेवानिवृत्त म्हणून खूण केलीय आणि २०१७ला तर मी रोज डबा घेऊन ऑफिसला जात होतो! खोट्यात पाडतील मला. पेननं लिहिलंय मी हे!"

तर, आजार हा होता. संगणकाच्या आत बटणासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. नावातच मापं आहेत: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. आमचा सेल त्या आठ दिवसांत वारला आणि घड्याळ २०१७मध्ये जाऊन बसलं. अपडेट देणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे पलीकडच्या संगणकाच्या, ओळखीच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. माझ्या संगणकाच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं, म्हणून तो दार उघडेना. तो आकडाही नंतर उलगडला. सुरुवातीचा ८ म्हणजे काम फसलं. शेवटचे २एफ८एफ सोळाच्या पाढ्यानं मोजले की होतात १२१७५, आणि १२१७५ म्हणजे सुरक्षित जोडणी जमली नाही.

आता मला सांगा, 'तुमची तारीख तपासा' हे तीन शब्द आहेत. पडद्यावर जागा नव्हती का? आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं म्हणतात, तर तेही माझ्या प्रणालीत फरक १५ तासांच्या आत असेल तरच. थोडं चुकलात तर सुधारणार, पार भरकटलात तर तुमचं तुम्ही बघा. दोष शोधायला बसवलेलं आणखी एक बटण असतं, तेही मी दाबलं होतं; ते तर दोनदा फिरून 'समस्या ओळखता आली नाही' म्हणालं. कोपऱ्यात बघ की लेका! (काका बघू शकले.)

मी हातानं तारीख बदलली. अपडेट निमूटपणे उतरलं. सेल दुसऱ्या दिवशी बदलला.

काकांना अर्जाची नवी प्रिंट काढून दिली आणि माफीही मागितली. त्यांनी अर्ज शांतपणे पहिल्यापासून भरला, माझ्याकडे एकदाही न बघता. शेवटी कागदाची घडी घालायला लागले, तेव्हा तारखेची जागा कोरीच दिसली. मी म्हटलं, "काका, आज..."

"राहू दे," ते म्हणाले. "तिथे खिडकीवर जो बसलेला असेल, त्याला विचारून टाकीन."