बॅलास्टच्या खोक्यावर खरे छापायला हात दुखतात का?
घरातल्या बंद खोलीत दिव्यांखाली रोपे वाढवणाऱ्या वाशीतल्या माणसाने ६०० वॅटच्या सोडियम दिव्यासाठी इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट (दिवा पेटवणारे आणि त्यातला वीजप्रवाह आवरणारे उपकरण) मागितला, की दुकानदार काउंटरवर चकचकीत खोके आपटतो आणि म्हणतो, "साहेब, बिनधास्त घेऊन जा." कशाच्या भरवशावर? खोक्यावर 'हेवी ड्यूटी' ठसठशीत असते. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) किती, हार्मोनिक्स (वीजप्रवाहाच्या लहरीतली विकृती) किती, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत तो तग धरेल, हे मात्र भिंग लावूनही सापडत नाही. विचारले तर उत्तर तयार: "आजवर तक्रार नाही." तक्रार येणार कशी, वॉरंटी कार्डावर शिक्का मारायलाच तुम्ही सोयीस्कर विसरता!

झाकण उघडावे तर आत १०५ अंश सेल्सिअस सोसणाऱ्यांच्या जागी ८५ अंशच सोसणारे स्वस्त कपॅसिटर (वीज साठवणारे भाग). तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हे आता ग्राहकांनी शिकवायचे काय? सर्किटवर ना रेझिनचा थर, ना सर्ज, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब, अडवणारा व्हॅरिस्टर. आणि हे नाजूक पात्र म्हणे खाडीकाठच्या दमट हवेत रोज बारा तास राबणार! पावसाळ्यात वीज जाऊन क्षणात परत आली, की तापलेला दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. तेवढे थांबण्याची अक्कल ज्याच्या सर्किटमध्ये घातलेलीच नाही, तो बॅलास्ट दिव्याला उच्च दाबाचे झटके देत बसतो आणि शेवटी स्वतःच जळतो. त्यावर दुकानदाराचा तोडगा काय, तर "दोन घेऊन ठेवा, साहेब."