लाल फळी

स्कॉटलंडमधल्या अल्व्हा बेटावर जायला शेजारच्या मल बेटाच्या काठावर उभं राहायचं. तिथे एक पाटी आहे. तिची फळी सरकवली की खालचा लाल चौकोन उघडा पडतो आणि तो बघून पलीकडचा नावाडी होडी घेऊन येतो. जावईबापूंनी फळी सरकवली. पाऊस आला, होडी येईना. वळून बघते तर एक ऑस्ट्रेलियन आजोबा फळी नीट बंद करून हात झटकताहेत. म्हणे, "कुणीतरी उघडीच टाकली होती!"

आजोबांच्या काखेत वंशावळीची जाडजूड फाईल. आपण मॅक्वारी कुळातले असा त्यांना दाट संशय.

"तुम्ही कुठल्या?"

"मुंबईची."

"मग जेन तुमच्याकडेच आहे की!"

कोण जेन? तर लॅकलन मॅक्वारी, 1762 साली इथेच जन्मला, पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. त्याआधी तो पलटणीबरोबर मुंबईत होता. त्याची पहिली बायको जेन 1796 मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला वारली, तिला त्याने मुंबईत आणून पुरलं.

"कबरीवर कधी गेला होतात?"

अहो, मी डोंबिवलीची! लोकलमधून धडपणे उतरता आलं तर जेनचं बघणार ना?

"एकदाही नाही?" आजोबांनी मान हलवली. जेनचं दिवसपाणी माझ्याकडे होतं आणि मी ते बुडवलं, अशी. सासूबाईंनीही कधी इतका पाणउतारा केला नाही.

मग फाईल उघडली. 1835 साली क्लार्क नावाच्या माणसाने बेट घेतलं आणि जमीन कसणाऱ्या कुळांना घरांतून हुसकावलं. सहाशेच्या आसपास वस्ती होती; 2018 साली आसपासच्या लोकांनी बेट विकत घेतलं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. सांगताना आजोबांचा गळा दाटला. माझाही दाटला असता, पण आदल्या रात्री जावईबापूंनी याच मॅक्वारीबद्दल वाचून दाखवलेलं डोक्यातून जात नव्हतं. 1795 साली त्याने कोचीनला दोन मुलगे विकत घेतले होते. जॉर्ज आणि हेक्टर. आईबापांनी काय नावं ठेवली होती, कोण जाणे. मी विचारलं, "ते आहेत का हो फाईलीत?"

"ते नोकर होते," आजोबा म्हणाले आणि पान उलटलं.

जावईबापूंनी पुन्हा फळी सरकवली. होडी लगेच आली. फाईल भिजेल म्हणून आजोबांनी माझी छत्री मागितली. आणि जावयासमोर नाही कसं म्हणणार? दिली.