शून्यापासून सुरू नाही म्हणून आलेख चुकीचा? थांबा जरा

पालकांच्या ग्रुपवर फिरतंय की आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू नसेल तर तो चूकच, मार्क कापा. अर्धंच खरंय हे. स्तंभालेखात आपण स्तंभाची उंची बघतो ना, त्यामुळे तिथे शून्य हवंच, नाहीतर एका वर्गात ५० मुलं नि दुसऱ्यात ५२, आणि अक्ष ४८ पासून धरला की दुसरा स्तंभ चक्क दुप्पट दिसतो. पण रेषालेखात चढउतार बघायचा असतो. तापाचा चार्ट शून्य अंशापासून काढून बघा एकदा, ९८ चा १०२ झाला तरी रेघ जवळजवळ आडवीच दिसेल, पोरगं फणफणलंय नि आलेख म्हणतोय सगळं ठीक! फक्त अक्षावर आकडे नीट लिहायला सांगा.